समोरच्या बारीला दाद

विचारणारे गृहस्थ देवगड भागातल्या एका भजनी मंडळात सहा वर्षे पखवाज वाजवतात. दोन महिन्यांपूर्वी एका डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, समोरच्या बाजूच्या पखवाजवादकाने गजरात (सामूहिक नामघोषात) केलेले काम त्यांना मनापासून आवडले, आणि कार्यक्रम संपताच सर्वांदेखत त्यांनी त्याला मिठी मारून 'आज तुझ्यापुढे आम्ही कोणीच नव्हतो' असे म्हटले. स्वतःच्या बुवांना, म्हणजे मंडळाच्या मुख्य गायकाला, ते लागले. परतताना गाडीत कोणी अवाक्षर बोलले नाही. ज्याचे कौतुक केले त्यालाही ते फारसे रुचल्याचे दिसले नाही. तेव्हा प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करावे की नाही, करायचे तर केव्हा आणि कोणत्या शब्दांत, आणि मंडळात एकमेकांना रोज म्हटल्या जाणाऱ्या 'छान झालं'ला काही अर्थ असतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी पस्तीसएक वर्षे पखवाज वाजवतो. त्यातली बहुतेक वर्षे डबलबारीत गेली, काही दशावताराच्या मंडळीबरोबर, आणि अधूनमधून नाट्यसंगीताच्या बैठकीत तबल्यावर बसलो. या काळात तुमच्यासारखी मिठी मीही मारली आहे आणि तुमच्यासारखाच गाडीत गप्प बसून घरी आलो आहे. म्हणून आधी एवढे सांगतो की तुमचे चुकले ते कौतुक करण्यात नव्हे, त्या वाक्यात. 'तुझ्यापुढे आम्ही कोणीच नव्हतो' या वाक्यात समोरच्याने काय वाजवले याचा उल्लेखच नाही. त्यात आहेत ते तुमचे बुवा, तुमचे झांजवाले, तुमचा कोरस आणि तुम्ही स्वतः, आणि या सर्वांना तुम्ही त्यांची परवानगी न घेता एका ओळीत खाली बसवले. त्या पखवाजवादकाला तरी त्यातून काय मिळाले? तुमच्या मंडळाशी उगाच वैर मात्र पदरी पडले. तो संकोचला तो त्यामुळे, असे मला वाटते.

मराठीत 'दाद' हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि आपण सहसा त्या दोहोंचा संबंध जोडत नाही. गाण्याला आपण दाद देतो आणि अन्याय झाला की कोर्टात दाद मागतो. शब्द एकच आहे, फारसीतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे. वादकाला दाद देणे म्हणजे त्याच्या कामाचा न्याय करणे, आणि न्याय करणाऱ्याला आधी खटला ऐकावा लागतो. शाबासकी निराळी, ती वडीलधाऱ्याने धाकट्याच्या पाठीवर द्यायची असते, म्हणून बरोबरीच्या वादकाच्या पाठीवर थाप मारली की त्याला ती कधी कधी झोंबते. कौतुक हे मुलांचे, सुनेचे, नव्या घराचेही होते. दाद मात्र कामाची असते आणि ती बरोबरीचा माणूस बरोबरीच्या माणसाला देऊ शकतो. डबलबारीत समोर बसलेला पखवाजवादक तुमच्या बरोबरीचा आहे, तेव्हा तुमच्याकडून त्याला हवी होती ती दाद. तुम्ही दिलेत ते शरणपत्र.

ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्याकडे दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, शेजारी पखवाज, भोवती टाळ-झांज आणि मागून ओळ उचलणारा कोरस. एका बुवाची बारी संपली की दुसऱ्याची सुरू होते, पुराणातले प्रश्न टाकले जातात, त्यांची उत्तरे दिली जातात, टोमणे मारले जातात, आणि पहाटेपर्यंत माणसे जागची हलत नाहीत. जिंकणे-हरणे बहुधा कागदावर नसते, लोकांच्या तोंडी असते, म्हणून ते जास्त टोचते.

आता त्या वादकाला काय म्हणता आले असते ते पाहू. तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिले आहे की दुसऱ्या गजरात त्यांचे बुवा चढ्या लयीत निघाले तरी त्याने लय हातची जाऊ दिली नाही आणि तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवायच्या तुकड्याचा, शेवटचा 'धा' बुवांच्या नेमक्या शब्दावर ठेवला. हेच, एवढेच, त्याला बाजूला घेऊन सांगितले असते तर तो माणूस ते वर्षभर विसरला नसता. आठ मात्रांच्या ठेक्यात बुवा आणि कोरस दोन्हीकडून पुढे ओढत असताना ठेका धरून ठेवणे हे श्रोत्यांना दिसत नाही. त्यांना रेला दिसतो, हाताचा वेग दिसतो. ठेका धरून ठेवल्याचे कळते ते दुसऱ्या पखवाजवाल्यालाच, आणि म्हणून ती दाद दुसरा कोणी देऊच शकत नाही. तुमच्याजवळ ती होती आणि तुम्ही ती न देता भलतेच काही देऊन आलात.

गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर लयभास्कर म्हणून ओळखले जात. दोन हातांनी आणि पायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरून ते सर्व एकत्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडणे, ही त्यांची ख्याती. अशा कामाला दाद द्यायची तर ऐकणाऱ्यालाही मनात मोजत बसावे लागते. मोजले नसेल तर 'वा' म्हणण्याला काही आधार उरत नाही. खाप्रुमामांच्या पायरीचे काम आपल्यापैकी कोणी करत नाही हे खरे, पण साध्या चक्रधाराच्या (तिहाईसकट तीनदा वाजवायच्या तुकड्याच्या) बाबतीतही हेच लागू आहे. ज्याने मोजले त्याचा 'वा' समेवर येतो. ज्याने मोजले नाही त्याचा समेच्या आधी येतो किंवा इतरांचा ऐकून मागाहून येतो, आणि वादकाला तो फरक मान वर न करताही कळतो.

चालू कामात द्यायच्या दादेबद्दल मी फार लिहिणार नाही. मान हलवणे, डोळे मिळवणे, समेवर एक 'वा' किंवा 'क्या बात है', एवढे पुरते. आपल्या बाजूच्या माणसाला मोठ्याने दाद देऊन लोकांना टाळ्या वाजवायला लावणारे काही कोरसवाले असतात. त्यांना आवरणे हे बुवाचे काम आहे. बुवा एखादी जागा, म्हणजे गाण्यातली खास सुरावट, बांधत असताना, ती पुरी होण्याआधी, दाद देऊ नये. पावसाळ्याआधी नळ्यांचे (कौलांचे) घर शाकारताना शिडीवरच्या माणसाला कोणी मध्येच हाक मारत नाही, तसे ते आहे.

'छान झालं'कडे येतो. हे वाक्य मी निरुपयोगी मानत नाही. रात्रभर वाजवून बोटे सुजलेल्या माणसाला निघताना कोणी काहीच बोलले नाही तर ते वाईट. तेथे 'छान झालं' हे 'सांभाळून जा' यासारखे आहे आणि तेवढ्यापुरते ते ठीक आहे. अडचण होते ती ते मत म्हणून खपवले जाते तेव्हा. माझ्या हातून हे एकदा झाले आणि त्याची आठवण अजून जात नाही. गावातला एक मुलगा, सतरा-अठरा वर्षांचा, गणपतीत घरोघरच्या भजनांना वाजवत असे. त्याचा हात गोड होता, पण दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेला की लय धावायची. अभंग सुरू होताना जो वेग असे त्याच्या दीडपट शेवटी झालेला असायचा. एका घरी आरती-भजन आटोपून काळ्या वाटाण्याची उसळ खात आम्ही पडवीत बसलो होतो तेव्हा त्याने मला विचारले, 'काका, कसा झाला?' भोवती दहा माणसे, त्याचे वडील समोर, मुंबईहून आलेले चाकरमानी कौतुकाने पाहत होते. मी 'जबरदस्त' म्हणालो आणि उसळीत पाव बुडवला. तीन महिन्यांनी तो एका भजन स्पर्धेत वाजवायला बसला आणि परीक्षकांच्या कागदावर 'लय धावते' असे दोन शब्द आले. तो माझ्याकडे आला तेव्हा रागावलेला नव्हता. त्याने फक्त विचारले, 'काका, तुमका तेव्हा आयकाक येवक नाय?' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ऐकू आले नाही म्हणावे तर मी कसला वादक, आणि ऐकू आले म्हणावे तर मी त्याच्याशी खोटे बोललो.

त्या वेळी काय म्हणायला हवे होते, यावर मी पुष्कळ विचार केला. दहा माणसांसमोर दोष सांगणे हेही चूकच ठरले असते. पण खरे आणि चांगले असे काहीतरी त्याच्या वाजवण्यात होतेच: त्याचा डावा हात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक तो बेताची लावत असे, ना जाड ना पातळ, आणि सुकत आली की ठेका न मोडता ओल्या बोटाने ती नेमकी भिजवत असे; त्यामुळे डावी पुडी (तोंडावरचे चामडे) शेवटपर्यंत घुमत राहायची. 'डावो बरो बोललो तुझो, उद्या सकाळी घरी ये, लयीबद्दल बोलूया,' एवढे वाक्य पुरले असते. त्यात खोटे काही नाही, अपमान काही नाही, आणि त्याला उद्या सकाळी कशासाठी यायचे ते कळले असते. ज्याच्या वाजवण्यात सांगण्याजोगे काहीच चांगले आढळले नाही असा वादक मला आजवर क्वचित भेटला. शोधायला लागणारा वेळ आपण देत नाही एवढेच. खरोखरच काही सापडले नाही तर लांबून आल्याबद्दल आभार मानावेत आणि वाजवण्याविषयी गप्प राहावे. कोकणात गप्प राहण्याचा अर्थ लोकांना कळतो.

दोष सांगायचा असेल तर त्याच रात्री सांगू नये. वाजवून उठलेल्या माणसाचे कान अजून मघाच्या कामातच असतात, त्याला दुसरे काही नीट ऐकू येत नाही. दोन दिवस जाऊ द्यावेत, एकट्याला गाठावे, आणि त्याने विचारले तरच बोलावे. हा नियम मी आता शिष्यांच्या बाबतीतही पाळतो.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोठा भाग समोरच्या मंडळाशी वागण्याचा आहे, आणि तेथे शब्दांपेक्षा आधी हातांचा प्रश्न येतो. माझ्या उमेदवारीच्या काळात कुडाळच्या अलीकडच्या एका वाडीत माघ महिन्यात डबलबारी होती. मी आमच्या बाजूला झांज धरून बसलो होतो. पखवाजावर माझे गुरू होते. रात्री दोनच्या सुमारास दंव इतके पडले की मंडपाच्या कापडातून थेंब गळू लागले. समोरच्या बाजूची बारी सुरू होती आणि अभंगाच्या मध्यात त्यांच्या पखवाजाची वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, तुटली. तुटण्याचा आवाज आला, पुडी सैल पडली, आणि तो वादक, वयाने माझ्याएवढाच, दोन्ही हात पुडीवर ठेवून बसून राहिला. आमच्या कोरसमधून कोणीतरी हसले. गुरूंनी मागे वळून त्याच्याकडे फक्त पाहिले. मग त्यांनी आपला दुसरा पखवाज पिशवीतून काढला, समोरच्या बुवांच्या पेटीकडे कान देऊन त्यांची पट्टी पकडली, आणि आमचा सूर त्यांच्यापेक्षा अर्ध्याने चढा असल्यामुळे हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे सैल करत, दर ठोक्याला बोटाने पुडी वाजवून पाहत, तो त्यांच्या पट्टीत आणला. समोरचे बुवा शहाणे होते. त्यांनी तेवढा वेळ नुसत्या टाळांवर नामघोष चालू ठेवला. सूर जुळल्यावर गुरूंनी पखवाज मला उचलून द्यायला सांगितला आणि म्हणाले, 'त्येका सांग, कणीक नवी लाव, ही माझ्या हाताची आसा.'

यात दाद देणारे एकही वाक्य नाही. पण सूर स्वतः जुळवून देण्यात जे होते ते मला फार वर्षांनी समजले. न जुळवता दिला असता तरी लोकांनी वाहवाच केली असती, आणि तो मुलगा तेथे चारशे माणसांसमोर परक्या पखवाजाचे गठ्ठे ठोकत बसला असता. समोरच्याची बारी बिघडली तर आपली चमकते हा हिशेब डबलबारीत करणारे लोक आहेत. त्यांना हे कळत नाही की समोरची बारी पडली की माणसे उठून जायला लागतात, आणि मग तुम्ही वाजवणार ते सतरंज्यांपुढे.

वाजवताना होणाऱ्या चुकांच्या बाबतीतही असेच आहे. चूक झाकणे हे साथीदाराचे काम आहे, पण ते झाकल्याची दखल घेणे हेही तेवढेच महत्त्वाचे आहे आणि ते फार थोडे बुवा करतात. एकदा रूपकातल्या एका अभंगात आमचे बुवा श्रोत्यांशी दोन शब्द बोलायला वळले आणि परतताना एक मात्रा आधी उतरले. सात मात्रांच्या तालात एक मात्रा लपत नाही. मी आपली सम ठाम वाजवली असती तर चूक कोणाची हे पहिल्या रांगेला कळले असते. मी ठेका मोडून एक बारका तुकडा घेतला, बुवांच्या शब्दावर जाऊन उतरलो आणि तेथेच सम धरून पुढे निघालो. लोकांना वाटले की तुकडा ठरवलेलाच होता, काहींनी टाळ्याही वाजवल्या. बुवांनी माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आम्ही दोघेच असताना ते म्हणाले, 'काल तू माका हाताक धरून व्हाळापलीकडे न्हेलंस.' मला तोवर मिळालेल्या सर्व नारळ-शालींपेक्षा ते वाक्य जड आहे. लोकांसमोर ते म्हणाले असते तर त्यांची चूक उघडी झाली असती, म्हणून ते एकांतात आले; आणि झोपून उठल्यावर आले, म्हणजे रात्रभर ते त्यांच्या मनात होते.

टोमण्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण दाद आणि टोमणा एकाच बाकावर बसतात. बुवाने बुवाला पुराणातल्या प्रश्नावर अडवावे, उत्तर चुकले तर शालजोडीतला हाणावा, ते खेळाचा भाग आहे आणि लोक त्यासाठीच येतात. समोरच्याच्या शरीरावर, जातीवर, घरातल्या गोष्टींवर जाऊ नये हे सर्वांना तोंडपाठ आहे आणि तरी माइक हातात आला की काहींना आठवत नाही. माझा स्वतःचा आग्रह आणखी एका गोष्टीचा असतो: बुवाने समोरच्या साथीदाराच्या चुकीवर बोट ठेवू नये. बुवाच्या हाती माइक आहे, त्याला उलटून बोलता येते. पखवाजवाल्याला तोंड नसते. उलट चांगले बुवा आपल्या बारीच्या सुरुवातीला 'समोरच्या बुवांनी मघाशी जो अभंग घेतला त्यातली अमुक जागा ऐकून आनंद झाला' असे म्हणून मगच प्रश्नाचा बाण काढतात. त्याने बाण बोथट होत नाही, हे मी शेकडो रात्री पाहिले आहे.

चालींचा मुद्दा जरा नाजूक आहे. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या ओळीत स्वतःची नाममुद्रा ठेवली: 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे'. शब्द कोणाचे हे विसरायची सोयच नाही. चालीला मात्र अशी ओळ नसते. एखाद्या बुवाने तीस वर्षांपूर्वी लावलेली चाल आज दहा मंडळे गातात, आणि मोबाइलवर ती शेवटच्या गाणाऱ्याच्या नावाने फिरते. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले गायक रामकृष्णबुवा वझे विद्येसाठी ग्वाल्हेरपर्यंत गेले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. आता तीच खटपट अंगठ्याने होते, याचा मला आनंद आहे, मीही परणे (पखवाजाच्या रचना) तशीच ऐकतो. पण घेतले ते कोणाचे, हे सांगायला अर्धे मिनिट लागते. 'ही चाल अमुक बुवांची, मी ती त्यांच्या कॅसेटवरून उचलली' असे एका तरुण बुवाने भर कार्यक्रमात सांगितले तेव्हा ते वृद्ध बुवा श्रोत्यांत मागे कोठेतरी बसलेले होते आणि गाणाऱ्याला ते ठाऊकही नव्हते. मी शेजारी असल्यामुळे पाहिले: त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि अभंग संपेपर्यंत पुन्हा घातली नाही.

साथीदारांच्या नावांचेही तसेच. निवेदक बुवांच्या मागे चार पदव्या लावतो आणि पखवाजवाला 'साथीला' एवढ्यात उरकतो, किंवा नाव घेतो ते पहाटे, लोक चपला शोधत असताना. साथीदारांची नावे पहिल्या अभंगाआधी, बुवांनी स्वतः घ्यावीत. आणि बिदागीचे पाकीट बुवांनी आपल्या हाताने द्यावे, पोराबरोबर धाडू नये. साथीच्या कामाकडे कमीपणाने पाहण्याचा रोग जुनाच आहे. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे) निघत नाही, श्रुती (सुरांमधली बारीक अंतरे) सापडत नाहीत म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आमच्या देवळांत आणि मांडवांत मात्र पेटीवाचून एक रात्र गेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अडूर गावी १९२५ साली जन्मलेले गोविंदराव पटवर्धन आणि गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर यांनी त्याच पेटीवर साथीचे काम कोठवर नेता येते ते दाखवले. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी पेटीवाल्यांना तो स्वतःचा सत्कार वाटला. गोविंदरावांबद्दल जाणकार सांगत ते असे की गायकाच्या गळ्यातली जागा जवळजवळ त्याच क्षणी पेटीतून उमटे. अशा साथीला 'छान वाजवता' म्हणणे म्हणजे काही न म्हणणेच. 'त्या जागेवर तुम्ही थांबलात आणि गाणाऱ्याला पुढे जाऊ दिलेत,' हे म्हणावे. साथीदाराने काय वाजवले याइतकेच, त्याने काय वाजवायचे टाळले हेही ऐकावे लागते.

वडीलधाऱ्या वादकाला दाद द्यायची तर थोडा विचार करावा, कारण आपली पायरी खालची. मी स्वतः प्रश्न विचारतो. 'मघाशी तिट कत गदि गन घेऊन जो धा सोडलात, तो कोणत्या मात्रेवरून उचललात?' असे विचारले की त्यांना कळते की ऐकणाऱ्याने मोजले आहे. बहुतेक जण तेथल्या तेथे मांडीवर वाजवून दाखवतात. काही जण सांगत नाहीत, तोही त्यांचा अधिकार आहे.

स्वतःला दाद मिळाली तर काय करावे, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. 'छे, आज काही जमलं नाही' असे म्हणण्याची आपली रीत विनयाची वाटते, पण ज्याने नेमके काही सांगितले त्याच्या कानावर ती शंका घेते. कानाच्या पाळीला हात लावून गुरूंचे नाव घ्यावे, 'तुम्ही ऐकलंत, बरं वाटलं' म्हणावे, आणि विषय बदलावा. पाच मिनिटे स्वतःच्या तुकड्याचे निरूपण करू नये. हा शेवटचा दोष माझाच आहे.

आता आमच्याकडे बायकांची भजनी मंडळे पुष्कळ झाली आहेत आणि मुली पखवाजही चांगला वाजवतात. 'मुलगी असून काय वाजवते' ही दाद नव्हे. तीत 'असून' हा शब्द आहे. ग्रुपवर टाकलेले अंगठे आणि फुलांचे गुच्छ याविषयी मला मत नाही.

राहिले तुमचे बुवा. तुम्ही लिहिता की त्यांनी नंतर 'तू त्यांच्यातच जा' असे म्हटले. बुवा रागावले ते समोरच्याला बरे म्हटल्यामुळे, असे समजू नका. आपल्या माणसाने आपल्याआधी परक्याला काहीतरी दिले, हे त्यांना लागले असावे. त्या रात्री तुम्ही त्यांना त्यांच्या गाण्याबद्दल काय म्हणालात? पत्रात त्याविषयी एक अक्षर नाही, त्यावरून मी समजतो की काही म्हणाला नाहीत. सहा वर्षे त्यांच्या शेजारी बसून तुम्हाला त्यांचे काय ऐकू येते, ते एकदा एकांतात त्यांना सांगा. खोटे मिसळू नका, ते तुमच्यापेक्षा जास्त रात्री जागलेले आहेत. मग सांगा की त्या वादकाकडे जाऊन त्याचा तुकडा विचारायची इच्छा आहे. परवानगी मागितल्यासारखे नव्हे, सांगितल्यासारखे. माझा अनुभव असा की शंभरातले ऐंशी बुवा अशा वेळी 'माझा नमस्कार सांग' म्हणतात. उरलेले काही म्हणत नाहीत, पण गाडीत बोलायला लागतात.

त्या वादकाकडे दोन महिन्यांनी गेल्याने काही बिघडत नाही. उशिरा आलेली दाद शिळी होत नाही, कारण इतके दिवस ती तुमच्या डोक्यात राहिली हेच तिच्यात जास्तीचे असते. मिठीबद्दल माफी मागू नका, त्याला पुन्हा संकोच होईल. दुसऱ्या गजरातल्या त्या 'धा'बद्दल सांगा आणि तिहाई कोठून उचलली ते विचारा. तुम्ही विचारले आहे की जाताना शाल न्यावी का. शाल नेऊ नका, ती सत्काराची वस्तू आहे आणि त्याच्या घरी ट्रंकभर असतील. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या ओलीत आपल्याकडे वाद्यांना बुरशी येते, चामडे चिवट राहत नाही, आणि चांगली वादी जवळपास मिळत नाही. मुंबईहून येणाऱ्या कोणाकडून एक चांगली लांब वादी मागवा, थोडे तेल लावून कागदात गुंडाळा, आणि ती घेऊन जा.